खाटेशेजारची पाच मिनिटं

लोधीखेड्याच्या फलाटावर तुम्ही उभे आहात. साल १९६८, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. बोरगावाहून चालत आलात, पण वाटेत ना कारखान्यांची रांग लागली ना ट्रकांची. दोन्ही बाजूंना कापूस, तूर आणि मधूनमधून संत्र्याची झाडं, आंबिया बहाराच्या हिरवट-पिवळ्या फळांनी वाकलेली. छिंदवाड्याकडून छोटी लाईन येते आहे. आधी कोळशाचा धूर दिसतो, मग शिट्टी ऐकू येते, आणि मग बऱ्याच वेळाने गाडी.

तुमच्या थैलीत एक फाईल आहे. ती छापली जायला अजून पन्नासहून अधिक वर्षं आहेत, म्हणून ती कुणाला दाखवायची नाही. आत तुमच्या मोठ्या मायचे कागद आहेत. स्तनाचा कर्करोग पाठीच्या मणक्यांत पसरलेला. आता बरं होण्यासारखं नाही, घरी ठेवा, दुखणं कमी ठेवू, असं डॉक्टरांनी ओसरीत नव्हे तर दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं, आणि ते तिला कुणीच सांगितलं नाही. घरी ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारायला तुम्ही मागे निघाला आहात.

गाडीत शेजारचा माणूस नागपूरला मुलीकडे चालला आहे. बारा वर्षांपूर्वी, १९५६ साली, राज्यांच्या पुनर्रचनेत नकाशावर रेघ ओढली गेली. नागपूर पलीकडे गेलं, सौंसर-पांढुर्णा अलीकडे राहिले. राजधानी भोपाळला गेली. सोयरिकी, बाजार आणि मोठे दवाखाने मात्र नागपुरातच राहिले. दुखणं वाढलं की या पट्ट्यातला माणूस आजही दक्षिणेकडेच तोंड करतो.

इतवारीला उतरून तुम्ही अमरावतीच्या रस्त्याला लागता. कोंढाळी, तळेगाव, तिवसा, आणि मग मोझरी. शुक्रवार, ११ ऑक्टोबर. कोजागिरी होऊन पाच दिवस झालेत. गुरुकुंज आश्रमात गर्दी आहे, पण गर्दीचा आवाज नाही. आत एकोणसाठ वर्षांचे तुकडोजी महाराज कर्करोगाने शेवटाला आले आहेत. उपचार झाले, उतार पडला नाही. ज्यांच्या खंजिरीवर गावंच्या गावं डोलली, ज्यांनी ग्रामगीता लिहिली, बेचाळीसच्या आंदोलनात तुरुंग पाहिला, त्यांच्या दाराबाहेर तुम्ही शेतकऱ्यांच्या घोळक्यात उभे आहात. आत काय चाललं आहे ते दिसत नाही, आणि तुम्ही खिडकीशी जातही नाही. ४ वाजून ५८ मिनिटांनी बातमी बाहेर येते.

पुढे दर वर्षी आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास इथे पुण्यतिथीचा महोत्सव भरेल, आणि बरोबर ४ वाजून ५८ मिनिटांनी प्रचंड जनसमुदाय जागच्या जागी उभा राहून मौन पाळेल. आणि तुमच्या थैलीतल्या फाईलीवर याच माणसाचं नाव छापलेलं असेल: राष्ट्रसंत तुकडोजी रिजनल कॅन्सर हॉस्पिटल, नागपूर.

मोझरीत थोडं थांबा, कारण पुढच्या सगळ्या प्रवासाचं मूळ इथे आहे. महाराजांनी गावाला दोन सवयी लावल्या: पहाटे सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. ध्यान ही गुहेतल्या एकट्या योग्याची गोष्ट न राहता चावडीवर, देवळापुढे, ओळीने मांडी घालून करायची गोष्ट झाली. महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची माणसं ही सवय विदर्भाच्या सीमेपलीकडेही घेऊन गेली. म्हणजे अमेरिकेतले दवाखाने ज्याला आज माइंडफुलनेस म्हणतात, त्याच्या जवळची एक गोष्ट आपल्या खेड्यांत आधीच बसलेली होती. पण आजारी माणूस तिच्या बाहेर राहिला. जो पहाटे उठून देवळापर्यंत चालू शकतो त्याचं ध्यान. जो खाटेवरून उठू शकत नाही त्याला आपण फार तर अंगारा नेऊन देतो.

आणखी एक गोष्ट मला इथेच म्हणायची आहे. संतांच्या शेवटच्या आजाराबद्दल आपण सहज म्हणून टाकतो की त्यांना वेदना झाल्याच नसतील. भक्तीपोटी म्हणतो, पण ते वाक्य खाटेवरच्या साध्या बाईला फार महागात पडतं. ती कण्हली की तिला वाटतं, आपलीच श्रद्धा कमी पडली. घरचेही म्हणतात, मन घट्ट कर. कर्करोगाने पोखरलेल्या मणक्याला मन घट्ट करून काय होणार?

म्हणून आणखी मागे चला. अडीच हजार वर्षं मागे, वैशालीजवळच्या बेलुव गावात. पावसाळा आहे. ऐंशीच्या घरातला एक म्हातारा भिक्खू झोपडीत आडवा आहे. अंगात कळा आहेत, मरणाच्या दारापर्यंत नेणाऱ्या. पाली ग्रंथ हे लपवत नाहीत. बुद्धांना तीव्र वेदना झाल्या आणि त्या त्यांनी जागेपणाने सोसल्या, असं ते नोंदवतात. तुम्ही दाराशी बसलेल्या शिष्याचा, आनंदाचा, चेहरा पाहा. तो पार भेदरलेला आहे. बरं वाटल्यावर बुद्ध त्याला सांगतात की आपलं शरीर आता दोऱ्या बांधून कसंबसं चालवलेल्या जुन्या गाडीसारखं झालं आहे. त्याआधीचा एक प्रसंग तर मला त्याहून मोलाचा वाटतो. कपिलवस्तूच्या नव्या सभागृहात प्रवचन चालू असताना ते आनंदाला म्हणतात की माझी पाठ दुखते आहे, पुढचं तू सांग, मी जरा आडवा होतो. आणि खरंच उजव्या कुशीवर आडवे होतात. ध्यानाला ताठ बसलंच पाहिजे, असं मोठ्या मायला कुणी सांगितलं, तर तुम्ही हा प्रसंग सांगा.

याच परंपरेत दोन बाणांची गोष्ट आहे. पहिला बाण शरीराला लागतो. दुसरा आपण स्वतःला मारतो: हे माझ्याच वाट्याला का, उद्या किती वाढेल, माझ्यामागे पोरांचं काय. पहिल्यावर औषध हवं. ध्यानाचं काम दुसऱ्या बाणाशी आहे. या दोन बाणांची गल्लत झाली की एक तर माणूस औषध नाकारून डोळे मिटून तळमळतो, नाही तर औषध घेऊनही रात्रभर जागा राहतो.

पहिल्या बाणाकडे आधी पाहू. १९६० च्या आसपासचं लंडन. हॅकनीमधलं सेंट जोसेफ्स, आयरिश साध्वी चालवतात ते मरणासन्नांचं घर. बाहेर थंडी, आत उकळलेल्या चहाचा वास. एक उंच डॉक्टरीण खाटेच्या कडेला खुर्ची ओढून बसली आहे आणि रुग्ण बोलतो ते टेपवर घेते आहे. सिसिली सॉन्डर्स. आधी नर्स, मग समाजसेविका, आणि मरणाऱ्यांची वेदना डॉक्टर गंभीरपणे घेत नाहीत हे पाहून शेवटी स्वतः डॉक्टर झालेली. १९४८ साली डेव्हिड तास्मा नावाच्या पोलिश ज्यू निर्वासिताने कर्करोगाने मरताना तिच्या भावी घराच्या खिडकीसाठी ५०० पौंड ठेवले होते. ते घर, सेंट क्रिस्टोफर्स, १९६७ साली उघडेल. मोझरीतल्या त्या संध्याकाळच्या आदल्याच वर्षी.

तिच्या वॉर्डात थोडा वेळ उभं राहून घड्याळ बघा. मॉर्फिनची मात्रा दर चार तासांनी तोंडावाटे दिली जाते, दुखायला लागण्याची वाट न पाहता. इतर दवाखान्यांत माणूस किंचाळू लागल्यावर सुई मिळते, म्हणून तो सतत पुढच्या किंचाळण्याच्या धाकात असतो. इथे तो धाकच काढून घेतला आहे. आणि टेपवर ती काय ऐकते? कुठं दुखतं असं विचारल्यावर एक बाई पाठीपासून सुरुवात करते आणि नवऱ्यावर, मुलावर, त्यांच्या बुडणाऱ्या पगारावर, सगळ्या जगाने पाठ फिरवल्याच्या भावनेवर येऊन थांबते. त्यातून सॉन्डर्सबाईंनी समग्र वेदनेची कल्पना मांडली. शरीराची, मनाची, घरादाराची आणि श्रद्धेची वेदना एकाच गाठोड्यात बांधलेली असते.

आपल्याकडे हे घड्याळ फार उशिरा पोचलं. मुंबईत वांद्र्याला डॉ. लुईस डिसोझा यांनी १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू केलं, ते असाध्य कर्करोगाच्या रुग्णांसाठीचं देशातलं पहिलं हॉस्पिस. पण त्याच्या आदल्याच वर्षी अमली पदार्थांचा कायदा आला आणि मॉर्फिन बाळगणं इतकं किचकट झालं की बहुतेक दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. कायदा सैल व्हायला २०१४ उजाडलं. मधल्या जवळजवळ तीस वर्षांत किती घरांतून रात्रभर ओरडणं ऐकू आलं असेल, या विचाराने माझा आजही संताप होतो. ध्यानाविषयी बोलताना हे विसरणं मला पाप वाटतं. गोळी मिळत नाही म्हणून श्वास मोजायला लावणं, याला मी आधार म्हणणार नाही.

आता दुसऱ्या बाणाकडे. १९७९, अमेरिकेतलं वुस्टर. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचं रुग्णालय. तळघरातल्या खोलीत सतरंज्यांवर माणसं उताणी पडली आहेत: कंबर गेलेला कामगार, डोकेदुखीने बेजार बाई. डॉक्टरांनी हात टेकलेली ही माणसं. जॉन कबात-झिन नावाचा तरुण शास्त्रज्ञ त्यांना डाव्या पायाच्या बोटांपासून सुरुवात करायला सांगतो आहे. काही आठवड्यांचा हा वर्ग. सतरंजीवर तुम्हीही पडा. अर्ध्या तासाने लक्ष कमरेपर्यंत येतं आणि तिथल्या दुखण्याकडे पहिल्यांदाच न पळता पाहिलं जातं. तेव्हा कळतं की जे सलग दुखणं वाटत होतं त्यात ताण आहे, ऊब आहे, टोचणी आहे, आणि मधे मधे काहीच नाही अशाही जागा आहेत.

ही अंग न्याहाळण्याची रीत ब्रह्मदेशातले ध्यानगुरू ऊ बा खिन यांच्या शिष्यपरंपरेतून तिथे गेली. त्याच परंपरेतले सत्यनारायण गोयंका १९६९ च्या जुलैत मुंबईत आपलं पहिलं शिबिर घेतात, आणि पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभं राहतं. एकच धार दोन वाटांनी वाहिली. एक अमेरिकेच्या दवाखान्यात शिरली, दुसरी आपल्या घाटमाथ्यावर आली. आपल्या दवाखान्यांत मात्र ती क्वचितच पोचली.

पण वुस्टरची रीत जशीच्या तशी बोरगावला आणता येणार नाही. तिथले लोक चालत वर्गाला येत होते. कॅनडातल्या कॅलगरीत २००० साली कर्करोगाच्या रुग्णांसाठी सात आठवड्यांचा वर्ग झाला, त्याने मनाचा त्रास लक्षणीय उतरला. पण तेही बसू शकणारे, येऊ शकणारे लोक. ज्याला दोन वाक्यं बोलून धाप लागते, गोळीने ग्लानी येते, त्याला पाऊण तास अंग न्याहाळायला सांगणं निर्दयपणा होईल.

म्हणून शेवटची उडी क्वालालंपूरला, मलाया विद्यापीठाच्या रुग्णालयात. तुमच्या जन्मात घडलेली ही गोष्ट आहे. टॅन सेंग बेंग आणि त्यांचे सहकारी असाध्य अवस्थेतल्या रुग्णांबरोबर काम करतात. २०१६ साली छापून आलेल्या त्यांच्या प्रयोगात कर्करोगाचे ६० रुग्ण होते. निम्म्यांना फक्त पाच मिनिटं श्वासाकडे लक्ष द्यायला मार्गदर्शन केलं. उरलेल्यांचं पाच मिनिटं नुसतं ऐकून घेतलं. श्वासाच्या गटात त्रास अधिक उतरला, रक्तदाब आणि नाडीही खाली आली. पण नुसतं ऐकून घेतलेल्यांनाही बरं वाटलं. त्या दुसऱ्या निकालापाशी मी अडखळतो, कारण कुणी तरी पाच मिनिटं शेजारी बसून ऐकतं, एवढ्यानंही बरं वाटतं. टॅन यांच्या पद्धतीतही पहिलं शिक्षण शेजारी बसणाऱ्याचं असतं. हजर कसं राहावं, ऐकावं कसं, कळवळा कसा धरावा आणि स्वतः वाहून न जाता कुठे थांबावं, हे त्याने आधी शिकायचं.

त्याच वर्षी अमेरिकेत फादेल झैदान यांनी निरोगी लोकांच्या कातडीला चटके देऊन आणखी एक गोष्ट तपासली. शरीरातली अफूसारखी द्रव्यं औषधाने अडवली, तरी ध्यान शिकलेल्यांचं दुखणं कमी झालंच. म्हणजे ध्यानाची वाट मॉर्फिनच्या वाटेहून वेगळी असावी. ते चटके म्हणजे कर्करोग नव्हे, हे खरं. पण दोन वेगळ्या वाटा एकमेकींना अडवत नाहीत, एवढा धीर त्यातून मिळतो.

आता तुम्ही बोरगावला आहात, आजच्या. छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा वेगळा होऊनही काही काळ झाला. नागपूर रस्त्यावरून अवजड गाड्या जातात आणि ओसरीतल्या खाटेवर मोठी माय भिंतीकडे तोंड करून पडली आहे. तुम्ही स्टूल ओढता. उभ्याने बोलू नका, उभा माणूस निघायच्या घाईत असतो.

आधी गोळी दिली का ते बघा. वेळ चुकली असेल तर श्वासाचं नावही काढू नका, आधी गोळी. मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचं औषध रोज हवंच. अर्धी तगमग पोट अडल्याची असते आणि ती कुणी विचारत नाही. पाय अचानक लुळे वाटले, मुंग्या आल्या, लघवी अडली, तर मणक्यातल्या गाठीने मज्जारज्जू दाबला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट पाहायची नाही, त्याच घटकेला नागपूर.

गोळीला अर्धा तास झाला आहे.

"कुठं दुखून रायलं, मोठी माय?"

"कंबर तं दुखतेच. पण रात्र झाली का भेव वाटते."

इथे घाई करू नका. भिऊ नको असं म्हणू नका. कशाचं भेव ते विचारा आणि गप्प राहा. ती बोलेल. मग तिचा हात तिच्याच पोटावर ठेवा आणि म्हणा, श्वास मुद्दाम ओढायचा नाही, येते-जाते ते फक्त बघत राहा. पोट हाताखाली वर येते, खाली जाते. मन बगीच्यात गेलं, पोरीच्या सासरी गेलं, तर जाऊ दे, कळलं की पुन्हा हाताखाली ये. तुम्हीही तिच्याबरोबर तेच करा, मोबाइल घरात ठेवून. धाप लागत असेल किंवा श्वासाकडे पाहून घाबरायला होत असेल, तर श्वास सोडून द्या. तळपाय गोधडीला टेकलेले जाणवतात का विचारा, नाही तर रस्त्यावरच्या गाडीचा आवाज दूर जाईपर्यंत ऐकायला सांगा. डोळे उघडे ठेवले तरी चालतं. झोप लागली तर उत्तमच. कधी काहीच होणार नाही, ती कण्हत राहील, आणि तेव्हा डॉक्टरांना फोन करणं हेच खरं काम असेल.

पाच मिनिटांनी ती भिंतीकडून तुमच्याकडे वळते.

"मले खरं सांग. मी वाचतो का?"

जिन्यातलं वाक्य तुमच्या घशात आहे. बेलुवपासून क्वालालंपूरपर्यंत ज्यांच्याजवळ उभे राहिलात, त्यांच्यातल्या कुणीही रुग्णाला अंधारात ठेवून धीर दिला नव्हता. आपण आजाराचं नाव लपवतो तेव्हा तिला एकटीलाच ते नाव सांभाळत बसावं लागतं. तिने विचारलं नसतं तर तिच्यावर लादायचं नव्हतं, पण तिने विचारलं आहे.

"बिमारी जात नाही म्हणतात डॉक्टर. पण दुखणं कमी कराले औषध आहे. अन् मी इथंच आहो."

ती बराच वेळ रडते. तुम्ही स्टुलावरून उठत नाही.

"मले मालूम होतं. सारे आपसात कुजबुजून रायले होते."

मग सोमवारी नागपूरला काय विचारायचं ते तुम्ही दोघं मिळून ठरवता. रात्रीची मात्रा पुरत नाही. दोन गोळ्यांच्या मधेच कळ आली तर काय द्यायचं. हाडातल्या दुखण्यावर एकाच बैठकीचा किरणोपचार करता येईल का. गोळ्या संपण्याआधी चिठ्ठी कुणी आणायची. ती बोटांवर मोजत जाते आणि तुम्ही फाईलीच्या मागच्या बाजूला लिहून घेता. गुरुदेव सेवा मंडळाची माणसं पहाटे देवळापुढे ध्यानाला बसतात, त्यांतल्या दोघांना इथे ओसरीत बसायला सांगू का, असं तुम्ही विचारता.

"सांग ना. पण खंजिरी वाजवू नोका म्हणा, डोकं दुखते." मग उशी सरळ करून घेत ती म्हणते, "अन् संत्र्याचा सौदा कितीत झाला ते मले कोणी सांगत नाही. तुया भावाले बोलाव, सौद्याची चिठ्ठी घेऊन ये म्हणा."